बारावं दार

आमच्या कॉलनीच्या मागे मोहाचं एक झाड उरलं आहे. गडचिरोलीत इथे प्लॉट पडले तेव्हा बाकीची झाडं गेली. हे मात्र कुंपणाच्या भिंतीत अर्धं आत आणि अर्धं बाहेर आलं, म्हणून वाचलं. होळी झाली की ते पानं टाकतं आणि थोड्याच दिवसांत पहाटे फुलं गाळायला लागतं. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना या वासाचा त्रास होतो.

"सर, तुमी अर्ज चांगला लिहिता. नगरपालिकेले एक टाका ना, हे झाड घेऊन जा म्हनून," असं ते दरवर्षी म्हणतात.

मी हो म्हणतो आणि लिहीत नाही.

त्यांना तो वास दारूचा वाटतो. मला त्यात फिनाइलचा वास येतो. फिनाइल आणि मोह हे दोन वास एकत्र आठवणारा माणूस या कॉलनीत तरी मी एकटाच असेन. बायको होती तेव्हा तिला एकदा सांगायचा प्रयत्न केला होता. ती म्हणाली, "तुमचं नाक बिघडलं आहे." आता सांगायलाही कुणी नाही, म्हणून लिहितो आहे.

माझं गाव पोंभुर्ण्याहून पायी दीड तासावर. या दिवसांत गावातली घरं रिकामी असत. आई झुंजूमुंजू व्हायच्या आत टोपली घेऊन निघायची आणि मी तिच्या मागे. मोह वेचायचा तर आधी झाडाखालची जागा साफ करावी लागते, नाहीतर पाचोळ्यात फूल दिसत नाही. आई कमरेत वाकून बुंध्यापासून बाहेर बाहेर गोल झाडत जायची. तांबूस माती उघडी पडायची आणि तिच्यावर टप टप पिवळसर फुलं पडायची. आमच्याकडे रीत अशी होती की जंगलातलं झाड कुणाचंच नाही, पण त्या वर्षी ज्याने खालची जागा झाडली, त्या वर्षापुरतं ते त्याचं. कागद नाही, खूण नाही. झाडलेली जमीन दिसली की दुसरा माणूस टोपली घेऊन पुढच्या झाडाकडे जायचा. हे मला अक्षरं यायच्या आधीपासून माहीत होतं. ज्या वर्षी त्याचा उपयोग होता, त्या वर्षी मात्र मला ते आठवलं नाही.

ते माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. चंद्रपुरात परकोटाच्या बाहेर एका वस्तीत मी एक खोली भाड्याने घेतली होती. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, आणि दाराला कडीऐवजी तार. आमच्या ओळीत अकरा घरं होती आणि माझी खोली धरली तर बारा दारं. बापे कोळशाच्या खाणीवर, लाकडाच्या डेपोत, नाहीतर गवंडीकामावर जात. बाया विटांच्या भट्टीवर. दुपारी ओळ ओस पडायची. चंद्रपूरचं ऊन काय असतं ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. कवेलू तापायचे, पुस्तकाचं पान घामाने मनगटाला चिकटायचं, आणि कोळशाची बारीक धूळ दारातून येऊन अक्षरांवर बसायची. मी ती फुंकून पुढची ओळ वाचायचो. घरची माणसं त्या वेळी मोहाखाली असतील, आपल्या टोपल्या भरून एकमेकांना हाका मारत असतील, हे डोक्यातून जायचं नाही. आयुष्यातला तो पहिला मोह होता, जो मी वेचला नाही.

माझ्या एका हाताला किसनभाऊ. ते गवंडी. माझ्या खोलीत वीज नाही हे पाहून त्यांनी आपल्या घरातून वायर ओढून मला एक बल्ब लावून दिला. दुसऱ्या हाताला सोनाबाई. वय साठीकडे झुकलेलं, नवरा खाणीतल्या अपघातात गेलेला, मुलगा डेपोत हमाल, आणि त्याच वर्षी घरात आलेली सून वंदना. सोनाबाई रोज सकाळी भात आणि लाखोळीचं वरण झाकून माझ्या दारात ठेवायच्या. "शिकनाऱ्या पोराच्या पोटात काई नसन तं अक्षर कुठी बसन?" असं त्यांचं म्हणणं. मी बी.ए. झालो तर त्या ओळीतला पहिला ग्रॅज्युएट ठरणार होतो. मी मूळचा तिथला नाही, भाडेकरू आहे, हे त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं. ओळीने माझं ग्रॅज्युएट होणं आपल्याकडे घेऊन टाकलं होतं.

त्या ओळीत संडास नव्हता. गावातही नव्हता, पण गावात जंगल होतं. कुणालाही कुठेही आडोसा होता. शहरात आलेल्या माणसांच्या नशिबी मोकळं मैदान आलं, रेल्वेच्या रुळाकडे उतरत जाणारं. बापे दिवसा जात. बाया अंधार असतानाच जात, तीनचार जणी मिळून, हातात डबे घेऊन. मग दिवसभर जाणं नको म्हणून पाणी प्यायच्या नाहीत. बाहेर तसलं ऊन आणि या बाया तोंड कोरडं ठेवून विटा वाहणाऱ्या. त्या हिवाळ्याच्या अखेरीस एके दुपारी नवी सून वंदना भट्टीवर चक्कर येऊन पडली. तिला बैलगाडीत घालून आणलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, पाणी कमी पडलं.

सोनाबाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "लिही गा एक अर्ज. आमाले चार संडास पायजे म्हनून लिही. बाया पानी पेत नाईत, हे बी लिही."

मी लिहिला. शुद्ध, विनंतीपूर्वक, खाली अकरा अंगठे. पंधरा दिवस वाट पाहिली. मग मी स्वतः जाऊन विचारून आलो. फाइल वर गेली आहे, एवढंच कळलं.

"वरतं किती वर?" सोनाबाईंनी विचारलं. मग त्या म्हणाल्या, "ते खाली ये परेंत आपन खाली खंदू."

आणि खरंच खणायला सुरुवात झाली. किसनभाऊंनी कुठल्याशा कामावर जोडखड्ड्याचे संडास बांधले होते. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा, तोवर पहिल्यातलं सगळं मातीसारखं होऊन जातं. बायांनी भट्टीवरून फुटक्या विटा मागून आणल्या. दारं तेलाच्या डब्यांचे पत्रे ठोकून केली. माती काढताना एक जण तरी माझ्या खोलीत डोकावून म्हणायची, "तू नोको येऊ, तू वाच." मी वाचायचो. खिडकीतून कुदळीचा आवाज यायचा, हसणं यायचं. किसनभाऊ खड्ड्यातून ओरडायचे, "कोनी तरी माले वर काढा, नाईतं मीच पयला बसतो इथी." बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मी त्याच ओळी पुन्हा वाचायचो.

बांधकाम सोपं होतं. साफ कोण करणार, हा प्रश्न अवघड निघाला. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर सगळे बसले. मी वही घेऊन. कुणीतरी म्हणालं, महिन्याचे थोडे पैसे जमवू आणि एक माणूस लावू.

मग सोनाबाई बोलल्या. "माहा बाप गावातलं मेलेलं ढोर ओढे. त्याले कोनी इचारलं नाई, तुले ओढाचं हाय का म्हनून. आपन त्याच्यातून निंगालो. आता आपली घान ओढाले दुसरा कोनी पाह्यतो का आपन? लाज नाई वाटन?"

ठरलं, की दार दार बारी, म्हणजे रोज एका दाराची पाळी. आणि बारी लक्षात ठेवायला कागद नको, कारण कागद मला एकट्यालाच वाचता येत होता. एक खराटा आणि एक लोखंडी बकेट. ज्याची बारी, त्याने सकाळी चारही संडास धुवायचे. मग खराटा धुऊन, दिवाबत्तीच्या वेळी, बकेटीसकट शेजारच्या दाराला टेकवून ठेवायचा. ज्याच्या दाराला खराटा, त्याची उद्याची बारी. हाक मारायची नाही, कारण विचारायचं नाही, दारी आलेला खराटा परत करायचा नाही. ताप असो, पाहुणे असोत.

त्या बैठकीत मी उभा राहून बोललो. आज ते भाषण आठवलं की कान गरम होतात. श्रमाची प्रतिष्ठा वगैरे सगळं त्यात होतं, पुस्तकातून नुकतंच आलेलं. शेवटी म्हणालो, "माझ्याही दाराला खराटा लावा."

सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते. किसनभाऊ म्हणाले, "भाऊ, तू पेन धर. आमी खराटा धरतो. मंग तू साहेब झाला का आमाले चहा पाजजो."

"पेपर होऊ दे गा," सोनाबाई म्हणाल्या.

असं करून खराटा किसनभाऊंच्या दारावरून सरळ सोनाबाईंच्या दाराकडे जाऊ लागला. संध्याकाळी मी दिव्याखाली बसलेला असायचो. किसनभाऊ खराटा खांद्यावर टाकून माझ्या दारासमोरून जायचे आणि पावलं हळू टाकायचे, माझं वाचन मोडू नये म्हणून. मला ते लागायचं. भात मिळत होता, बल्ब मिळत होता, माया मिळत होती. पण पाहुण्यालाही हे सगळं मिळतं. अकरा दारांना जे होतं, ते माझ्या दाराला नव्हतं. एकदा मी किसनभाऊंना वाटेत अडवून बोललो, जरा रागातच. "मी काय पाहुणा आहे? माझं दार दार नाही?"

त्यांनी खराटा खांद्यावरून खाली घेतला. "बरं," म्हणाले. "पुढच्या बारीले पाहू."

पुढची बारी आली त्या संध्याकाळी मी पाण्याची घागर घेऊन परतलो, तर माझ्या दाराच्या चौकटीला खराटा टेकलेला. खाली बकेट, पालथी घातलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझा पहिला पेपर होता. किसनभाऊंना तारखा माहीत नव्हत्या. असायचं कारणही नव्हतं.

आत दोरीवर पांढरा शर्ट होता, तापलेल्या लोट्याने इस्त्री केलेला. मनात काय काय आलं ते सगळं मला आठवतं. हाताला वास राहील. उशीर होईल. पेपर गेला तर वर्ष गेलं, आईने माझ्या फीसाठी विकलेला मोह गेला. ही कारणं खोटी नव्हती. पण त्यांच्या खाली आणखी एक होतं, ते मी त्या वेळी स्वतःलाही सांगितलं नाही. इतर अकरा दारांतली माणसं ज्या कामाला वाकत होती, त्याला मी वाकणार नव्हतो. मला खराटा फक्त दारात हवा होता.

पहाटे उठून धुता आलं असतं. कुणाला सांगून दिवस बदलून घेता आला असता. मी यातलं काही केलं नाही. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी खराटा आणि बकेट उचलली आणि पाच पावलांवर सोनाबाईंच्या दाराला टेकवून आलो. मग आत येऊन वाचत बसलो.

सकाळी पेपरला निघालो तेव्हा संडासांकडून पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि फिनाइलचा वास. ओळीच्या टोकाला पोंभुर्ण्याकडची एक बैलगाडी वाळल्या मोहाची पोती घेऊन थांबली होती. दोन्ही वास एकाच श्वासात आले. मी जोरात चालायला लागलो.

दुपारी परतलो तर सोनाबाई दारात बसून कमरेला तेल चोळून घेत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "कसा गेला गा पेपर?"

"चांगला गेला."

"मंग जेव. भात झाकला हाय."

मी जेवलो.

त्यानंतर खराटा माझ्या दाराला कधी आला नाही. किसनभाऊ पुन्हा सरळ सोनाबाईंकडे जाऊ लागले. कुणी काही बोललं नाही, कुणाची नजर बदलली नाही, भात कमी झाला नाही. मला वाटलं, झालं ते असंच बरं. पण रोज संध्याकाळी कान बाहेर लागलेले असायचे. खराट्याचं टोक जमिनीला घासत जायचं, माझ्या उंबऱ्यासमोरून, न थांबता. इतकं एकटं मला पुढे कधी वाटलं नाही, अहेरीकडच्या आश्रमशाळेत पावसाळ्याचे चार महिने अडकून पडलो होतो तेव्हाही नाही.

एक गोष्ट माझ्या तेव्हाच नजरेस आली होती. बारी सोनाबाईंवर आली की खराटा त्यांच्या दाराला दोन दिवस असायचा. इतरांकडे एक दिवस, त्यांच्याकडे दोन. मला वाटलं, वय झालं, एका दिवसात चारही संडास उरकत नसतील, म्हणून दोन दोन करून धूत असतील. एकदा मी वंदनाला म्हणालोही, "मायला आता झेपत नाही वाटतं. तू का नाही करत?" ती माझ्याकडे विचित्र नजरेने पाहून आत गेली. नवी सून, परक्या पुरुषाशी बोलायला लाजली असेल, असं मी समजलो.

परीक्षा संपवून गावी गेलो तेव्हा मोह संपत आला होता. झाडाखाली आईला सगळं सांगितलं. वस्तीने आपल्या हातांनी संडास कसे बांधले, खराटा दारोदार कसा फिरतो. शाळेत न गेलेल्या माणसांनी केवढं काम केलं, हे सांगताना माझा ऊर भरून आला होता. आई झाडत होती. तिने एवढंच विचारलं, "तुयी बारी कवा येते?"

"माझी नाही येत. मला सूट आहे."

ती सरळ उभी राहिली. हातातली झाडणी तशीच. "मंग तू तिथचा कायचा?" म्हणाली आणि पुन्हा वाकली.

निकाल लागला. ओळीने मला झेंडूचा हार घातला, किसनभाऊंनी बत्तासे वाटले. सोनाबाईंनी माझ्या दोन्ही हातांचे तळवे आपल्या गालांना लावले. त्यांचे हात खरखरीत होते. मी खराट्याबद्दल सांगणार होतो, शब्द तोंडाशी आले होते. बाजूला लोक होते, हार होता. मी सांगितलं नाही. आठवड्याभरात मला अहेरीकडे मास्तरकी मिळाली आणि मी बसमध्ये चढलो.

त्यानंतर जाणं झालं नाही. नोकरी, बदल्या, लग्न, ही कारणं आहेत आणि खरीही आहेत. सोनाबाई गेल्याचं मला त्या गेल्यावर दोन वर्षांनी कळलं. किसनभाऊ गेल्याचं तर त्याहून उशिरा. मी कुठेही राहिलो तरी माझा संडास मीच धुतला. लोकांना तो साधेपणा वाटला. एका शाळेत तर मुलांना माझं उदाहरण देत. मी ऐकून घ्यायचो.

गेल्या वर्षी याच दिवसांत डोळे दाखवायला चंद्रपूरला गेलो होतो. काम लवकर झालं आणि पाय आपोआप परकोटाकडे वळले. ओळ ओळखू आली नाही. घरं पक्की झालेली, प्रत्येक घराला आपला संडास. जुन्या संडासांच्या जागी आता एक टपरी आहे. माझी खोली मात्र होती, वाळली लाकडं ठेवायला वापरात, दाराला तीच तार. तिच्यासमोर पाचोळा साचला होता. शेजारच्या घरातून एक पिकल्या केसांची बाई बाहेर आली. तिने मला निरखून पाहिलं.

"बी.ए. वाले भाऊ ना तुमी?"

ती वंदना होती. तिने खुर्ची आणली, चहा ठेवला. किसनभाऊंची मुलं कुठे असतात ते सांगितलं. सोनाबाई शेवटी दोन महिने अंथरुणावर होत्या, तेही सांगितलं. इतकी वर्षं न सांगितलेलं तेव्हा बाहेर आलं. मी म्हणालो, "वंदनाबाई, एकदा माझ्या दारी खराटा आला होता. तो मी..."

"मायच्या दारी ठेवला," तिने वाक्य पूर्ण केलं. चहा गाळता गाळता, अगदी सहज. "मी खिडकीत होतो ना. मी मायले सांगतलं का पाहा, तुमचा शिकनारा पोट्टा काय करून राह्यला. माय म्हने, गप राह्य. भेलं ते पोरगं. उद्या पेपर हाय त्याचा."

त्यांना पेपर माहीत होता.

"मंग सकाळी मायच्या हाती खराटा पाहून किसनभाऊ म्हने, आता त्याचं दार काढून टाकू, अकराच धरू. माय आयकाले तयार नाई. म्हने, एक दार गळलं का मंग दुसरं गळते, मंग तिसरं. आन् त्याले मोजाचं सोडलं तं पोरगं एकलंच पडन इथी. त्याच्या दाराचा दिवस मी करतो, म्हने. बारा म्हंजे बारा."

"दोन दिवस," मी म्हणालो.

"हो ना. एक तिचा, एक तुमचा. तुमी गेल्यावर त्या खोलीत दुसरा भाडेकरू ये परेंत करे माय. चार-पाच महिने असन." ती हसली. "आन् तुमी माले म्हनले होते, मायले झेपत नाई, तू काऊन नाई करत. माले अस्सा राग आला होता तुमचा."

मी चहा घेतला. कप खाली ठेवला. वंदनाच्या दाराशी एक खराटा उभा होता, नवा, अंगण झाडायचा. मी उठून तो हातात घेतला आणि माझ्या जुन्या दाराकडे गेलो. त्या दाराला टेकलेला खराटा मी ज्या सकाळी उचलायला हवा होता, ती सकाळ कधीच गेली होती, हे मला कळत होतं. तरी पाचोळा तिथे होता. मी वाकलो. दोन फटकारे मारले असतील नसतील, वंदना मागून आली. तिने खराट्याची मूठ धरली. ओढली नाही, नुसती धरली.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "तुमचं कवाचंच झालं हाय."